मातीतला चीन आणि झिलईवरचा चीन

१

‘प्रभाव’ आणि ‘अनुकरण’ या दोन संज्ञा मराठी समीक्षेत इतक्या सहजपणे वापरल्या जातात की त्यांची घडण तपासून पाहण्याची गरज सहसा भासत नाही. एका संस्कृतीतील रूप दुसऱ्या संस्कृतीत आढळले की प्रथम मूळ कोणते हे निश्चित करायचे, नंतर उत्तररूप त्या मुळाशी कितपत इमान राखते हे मोजायचे आणि त्या मापानुसार ‘आत्मसात केलेला प्रभाव’ किंवा ‘उसने अनुकरण’ असा निवाडा द्यायचा, ही आपली रूढ पद्धत आहे. देशीवादाच्या चर्चेने या निवाड्याला मूल्यात्मक धार आणली. पण निवाड्याची रीत फारशी बदलली नाही. या रीतीमागे एक गृहीतक आहे. घेणारा दुसऱ्याकडून जे घेतो ते एकसंध असते आणि ते तो एकाच वृत्तीने घेतो, असे आपण मानून चालतो.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी साहित्याबाहेरच्या एका वस्तूच्या आधारे करावयाची आहे. ही वस्तू म्हणजे अठराव्या शतकात युरोपात तयार झालेले, ‘चिनी’ वाटणाऱ्या चित्रांनी सजवलेले पोर्सेलीनचे भांडे. या सजावटीला ‘शिन्वाझरी’ ही फ्रेंच संज्ञा कलेतिहासात रूढ आहे, आणि रोकोको शैलीचा तो एक ठळक विशेष मानला जातो. असे भांडे ही एकपदरी गोष्ट नसते. मातीचे शरीर, त्यावरील झिलई, झिलईवरचे चित्र, चित्राभोवतीची चौकट आणि तळाची खूण असे त्याचे अनेक थर असतात. या प्रत्येक थराचे चीनशी असलेले नाते वेगळे आहे. हे थर सुटे करून वाचले तर एक विसंगती समोर येते : भांड्याच्या मातीत चीनविषयीचे ज्ञान आहे आणि त्याच भांड्याच्या पृष्ठावर चीनविषयीचे जाणीवपूर्वक जोपासलेले अज्ञान. ही विसंगती अपघाती नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

२

प्रथम मातीविषयी. खरे पोर्सेलीन केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड यांच्या मिश्रणातून, सुमारे १३०० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमानाला भाजून तयार होते. ते कठीण, पांढरेशुभ्र आणि पातळ असल्यास अर्धपारदर्शक असते. टिचकी मारली असता त्यातून नाद उमटतो. चीनमध्ये ही विद्या हजार वर्षांहून अधिक काळ प्रचलित होती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या आणि सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ही भांडी युरोपात मोठ्या प्रमाणावर पोहोचू लागली. ती कशाची बनतात हे मात्र युरोपला उमगत नव्हते. ‘पोर्सेलीन’ हा शब्द कवडीच्या इटालियन नावावरून आला. चमक आणि शुभ्रता एवढेच साम्य हाताशी असल्यामुळे न समजलेल्या पदार्थाला एका ओळखीच्या वस्तूचे नाव मिळाले.

हे कोडे सॅक्सनीत सुटले. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस (‘द स्ट्रॉन्ग’ या उपाधीने ओळखला जाणारा) याने योहान फ्रीड्रिख ब्यॉटगर या तरुण किमयागाराला सोने करून दाखवील या आशेने नजरकैदेत ठेवले होते. गणिती व निसर्गशास्त्रज्ञ चिर्नहाउस याच्या देखरेखीखाली सोन्याचा शोध पोर्सेलीनच्या शोधाकडे वळला. १७०८ मध्ये चिर्नहाउस मरण पावला. त्याच सुमारास प्रयोगांना यश येत होते. १७१० मध्ये राजाज्ञेने कारखाना स्थापन झाला आणि तो माइसेन येथील आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात हलवण्यात आला. किल्ल्याची निवड अर्थपूर्ण आहे. येथे माती मळली जात होती, पण तिची कृती राज्याचे गुपित म्हणून राखली जात होती. तरीही ती फार काळ राखता आली नाही. १७१८ मध्ये व्हिएन्नात प्रतिस्पर्धी कारखाना उभा राहिला, तो माइसेनहून फुटलेल्या माणसांच्या साह्याने.

या गुपिताची किंमत काय होती, याचा अंदाज एका व्यवहारावरून येतो. १७१७ मध्ये ऑगस्टसने आपले ६०० सैनिक प्रशियाच्या राजाला दिले आणि त्या बदल्यात पोर्सेलीनचे १५१ नग घेतले. हे नग चिनी होते. म्हणजे स्वतःच्या कारखान्यात पोर्सेलीन तयार होऊ लागल्यानंतरही राजाची चिनी पोर्सेलीनची तहान शमलेली नव्हती. त्याच वर्षी त्याने ड्रेस्डेन येथे एक वाडा घेतला. पुढे तो ‘जपानी प्रासाद’ या नावाने ओळखला जाऊ लागला. तळापासून छतापर्यंत पौर्वात्य आणि माइसेनच्या भांड्यांनी तो भरावा, अशी योजना होती. तेथील दालनाच्या छतासाठी एक चित्र योजले होते : सॅक्सनी आणि जपान पोर्सेलीनच्या श्रेष्ठत्वावरून वाद घालत आहेत आणि मिनर्व्हा सॅक्सनीच्या बाजूने कौल देत आहे. हे चित्र प्रत्यक्षात आले नाही. परंतु योजनाच पुरेशी बोलकी आहे. ज्याला आपल्या श्रेष्ठत्वाची खात्री असते तो छतावर न्यायनिवाडा रंगवून घेत नाही. तो ऋणकोच्या मनातला निवाडा आहे.

३

आता पृष्ठाकडे वळू. १७२० मध्ये योहान ग्रेगोरिउस ह्योरोल्ट हा चित्रकार व्हिएन्नाहून माइसेनला आला. भट्टीत टिकणाऱ्या मीनारंगांची जी समृद्ध श्रेणी त्याने विकसित केली तिच्यामुळे माइसेनचे भांडे खऱ्या अर्थाने चित्रफलक बनले. शिन्वाझरीच्या चित्रांचा त्याच्या हातून आणि त्याच्या चित्रशाळेतून तयार झालेला मोठा संग्रह ‘शुल्ट्स कोडेक्स’ या नावाने ओळखला जातो. तो एक प्रकारचा आकृतिकोशच आहे. त्यातील आकृत्या सुट्या काढून, उलटसुलट जुळवून चहादाणीवर, पेल्यांवर, कलशांवर उतरवल्या जात.

या आकृत्यांचे जग असे : सैल, फुलाफुलांचे झगे घातलेले पुरुष आणि स्त्रिया, शंकूच्या आकाराच्या टोप्या, छत्र्या, चहाचे मेज, धूपपात्रे, गळाला लागलेले मासे, माणसाच्या आकाराशी प्रमाण न राखणारे पक्षी आणि किडे. या जगात काम आढळते तेथेही ते खेळाच्या रूपात आढळते. कोणी घाईत नाही, कोणी म्हाताऱ्याला घाबरत नाही, कोणाला कोणाचे देणे नाही. ही माणसे जमिनीच्या एका अरुंद पट्टीवर उभी असतात. पट्टीच्या खाली आणि आकाशाच्या वर पोर्सेलीनचा कोरा शुभ्रपणा असतो.

रोकोको अभिरुचीला ही रचना का मानवली, हे येथे स्पष्ट होते. यथादर्शनाच्या एकबिंदू शिस्तीतून आणि सममितीच्या धाकातून सुटण्याची वाट ही शैली शोधत होती. फ्रान्समध्ये वातोने १७१० च्या सुमारास शातो द ला म्युएत येथे चिनी आकृत्या रंगवल्या होत्या. त्यांवरून केलेली कोरीव मुद्रणे १७३१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती कोरणाऱ्यांत तरुण बूशे होता, आणि पुढे त्यानेच १७४२ च्या सालोंमध्ये बोव्हे येथील चित्रविणीसाठी केलेले चिनी देखावे मांडले. ‘चीन’ हे नाव घेतले की जमीन अधांतरी सोडता येत होती, प्रमाण मोडता येत होते, आणि त्याचा जाब कोणी विचारत नव्हते. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर येथे ‘चीन’ हे चिन्हक आहे, परंतु त्याचे चिन्हित चीन हा देश नाही. नियमांपासूनची सुटका हे त्याचे चिन्हित आहे.

मात्र ही सुटका बिनशर्त नाही. ह्योरोल्टच्या काळातील माइसेनच्या भांड्यांवर चिनी देखाव्याभोवती बहुधा सोनेरी चौकट असते : पाने आणि गुंफलेल्या पट्ट्या यांची, तत्कालीन जर्मन अलंकरणाच्या प्रघातातली. आतला मजकूर परका, सीमारेषा घरची. ही चौकट अवतरणचिन्हासारखे काम करते. आतले बोलणे आपले नाही, आपण ते फक्त उद्धृत करत आहोत, असे ती पाहणाऱ्याला सांगते. उद्धृताचा खरा वक्ता मात्र कोठेही नसतो.

४

येथे एक आक्षेप संभवतो. चीनची माहितीच नव्हती म्हणून कल्पनेचा चीन रंगवला गेला, असे का म्हणू नये? हा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही. डच शिष्टमंडळाबरोबर चीनला गेलेल्या न्यूहोफचा सचित्र वृत्तांत १६६५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पोर्सेलीनच्या बाबतीत तर याहून जवळचा पुरावा आहे. फ्रांस्वा झाव्ये दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने जिंगदेझेन या चिनी पोर्सेलीनच्या राजधानीविषयी १७१२ आणि १७२२ मध्ये दोन विस्तृत पत्रे लिहिली. पहिले पत्र लवकरच पॅरिसमध्ये छापलेही गेले.

दांत्रकोलच्या पत्रांतील चीन हा भट्ट्यांचा, धुराचा आणि काटेकोर श्रमविभागणीचा चीन आहे. तो सांगतो की एक कारागीर भांड्याच्या काठाशी फक्त रंगीत वर्तुळ काढतो, दुसरा फुलांच्या रेषा काढतो, तिसरा त्यांत रंग भरतो. डोंगर-पाणी काढणारा वेगळा आणि पशुपक्षी काढणारा वेगळा. एक भांडे पुरे होईपर्यंत सुमारे सत्तर हातांतून जाते, असे तो नोंदवतो. भट्टीच्या दैवताची एक दंतकथाही तो सांगतो. बादशहाने मागितलेले भांडे काही केल्या साधेना, तेव्हा छळाने हताश झालेल्या कामगाराने स्वतःला भट्टीत झोकून दिले. त्या भाजणीतून भांडी निर्दोष निघाली, आणि तो कामगार पुढे पूजला जाऊ लागला.

ही दंतकथा आणि माइसेनची पुतळी शेजारी ठेवून पाहावी. ब्यॉटगरच्या काळापासूनच माइसेनमध्ये चिनी नमुन्यांवरून सुटलेल्या पोटाच्या, हसऱ्या, मांडी घालून बसलेल्या पुतळ्या तयार होत होत्या. पुढे शिल्पकार केंडलरच्या काळात त्यांची मान आणि हात हलते करण्यात आले. दिवाणखान्यातल्या पाहुण्याने टिचकी मारावी आणि चिनी देवाने मान डोलवावी! एका बाजूला भट्टीत जळून देव झालेला मजूर, दुसऱ्या बाजूला मान डोलवणारे खेळणे. दोन्ही प्रतिमा अठराव्या शतकातील युरोपला उपलब्ध होत्या. भांड्यावर आणि फडताळावर कोणती आली हे उघड आहे.

ज्ञान आणि कल्पित यांची ही फाळणी केवळ पोर्सेलीनपुरती मर्यादित नव्हती. १७३५ मध्ये द्यु आल्दने चीनविषयीचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दांत्रकोलची पोर्सेलीनविषयक माहिती त्यात आहे, आणि ‘झाओचा अनाथ’ या युआनकालीन नाटकाचा प्रेमारने केलेला फ्रेंच अनुवादही त्यातच आहे. प्रेमारने संवादांचे भाषांतर केले. पदे मात्र बहुतांशी गाळली. ज्या नाट्यप्रकाराचा प्राण गायनात आहे त्याचा गद्य सांगाडा तेवढा युरोपात पोहोचला. त्या सांगाड्यावर व्होल्तेरने १७५५ मध्ये आपले नाटक उभे केले. कथानक चंगीझखानाच्या काळात नेले आणि ते फ्रेंच शोकात्मिकेच्या संकेतांत बसवले. सोनेरी चौकटीतल्या चिनी देखाव्याची आणि पद्यबद्ध अंकांत बसवलेल्या चिनी कथेची रचनातत्त्वे वेगळी नाहीत. एकाच ग्रंथातून कारागिरीची कृती शास्त्रज्ञांकडे गेली आणि कथा रंगभूमीकडे. या दोन वाचकवर्गांनी एकमेकांची पाने उघडली नाहीत.

शास्त्रज्ञांनी आपली पाने मन लावून वाचली. दांत्रकोलने पाठवलेल्या मातीच्या व दगडाच्या नमुन्यांवर रेओम्यूरने पॅरिसमध्ये प्रयोग केले. फ्रान्समध्ये केओलिनचा साठा १७६८ मध्ये लिमोजजवळच्या सेंत-इरियेक्स येथे सापडला आणि त्यानंतर सेव्हर येथील राजकारखान्यात कठीण पोर्सेलीन तयार होऊ लागले. ‘केओलिन’ हा शब्दच जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून आलेला आहे. मातीच्या नावात चीनचा पत्ता जसाच्या तसा टिकून राहिला. पृष्ठावरच्या चित्राला मात्र पत्ताच नव्हता.

५

येथवरच्या विवेचनात ‘मूळ’ चीनमध्ये आहे आणि ‘रूपांतर’ युरोपात, असे आपण धरून चाललो. आता दोन प्रसंग पाहू. त्यांत हा क्रमच उलटा होतो.

पहिला प्रसंग डच कंपनीचा. १७३४ मध्ये कंपनीने कॉर्नेलिस प्रॉन्क या अॅम्स्टरडॅमच्या चित्रकाराला पोर्सेलीनसाठी नमुने काढण्याचे काम दिले. त्याने काढलेला सर्वांत प्रसिद्ध नमुना ‘छत्रीखालच्या स्त्री’चा आहे : पाणपक्ष्यांसमोर उभी चिनी स्त्री आणि तिच्यावर छत्री धरणारी दासी. हे डच माणसाने कल्पिलेले चिनी चित्र पूर्वेकडे पाठवण्यात आले आणि चिनी कारागिरांनी ते चिनी भांड्यांवर उतरवले. जपानमध्येही ते पोहोचले आणि तेथे त्या स्त्रियांनी जपानी पोशाख धारण केला. यात मूळ कोणते आणि नक्कल कोणती? चिनी हातांनी, चिनी मातीवर, युरोपच्या कल्पनेतला चीन रंगवला आहे. अखेर खर्च परवडेना म्हणून कंपनीने हा उद्योग आवरता घेतला. प्रश्न मात्र उरलाच.

दुसरा प्रसंग माइसेनचा. १७२९ च्या सुमारास लमेर नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्याने राजसंग्रहातील जपानी काकिएमोन भांड्यांच्या तंतोतंत प्रतिकृती माइसेनकडून करवून घेतल्या. कारखान्याची तलवारींची खूण त्यांवर नसावी, किंवा घासून काढता येईल अशी झिलईवर असावी, अशी त्याची अट होती. ही भांडी पॅरिसमध्ये अस्सल जपानी म्हणून विकायची होती. त्याला काउंट होय्म या वजनदार मंत्र्याचा पाठिंबा होता. १७३१ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले. होय्मचे पद गेले आणि लमेरला सॅक्सनी सोडावी लागली.

इमानाच्या कसोटीचा येथे पूर्ण विपर्यास होतो. जी प्रतिकृती मुळाशी सर्वांत प्रामाणिक, तीच फसवणूक ठरली. आणि ह्योरोल्टचा मनःपूत, कोणत्याही चिनी माणसाला न ओळखता येणारा चीन निळ्या तलवारींची खूण अंगावर घेऊन उघडपणे विकला गेला. त्या खुणेचाही एक पूर्वेतिहास आहे. सुरुवातीच्या काही निळ्या-पांढऱ्या माइसेन भांड्यांच्या तळाशी चिनी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या, पण कशाचेही लेखन नसलेल्या खुणा आढळतात. वाचण्यासाठी नसलेले, केवळ ‘येथे चिनी लिहिलेले आहे’ एवढेच सांगणारे ते लेखन आहे. तळाचा थरसुद्धा अखेर पृष्ठाचाच सोबती निघतो.

६

या इतिहासात हिंदुस्थान कोठे आहे? माइसेनच्या भांड्यांवर चिनी आणि जपानी फुलांच्या धर्तीवर जी फुले रंगवली जात, त्यांना तेथील परिभाषेत ‘इंडियानिशे ब्लूमेन’, म्हणजे ‘हिंदी फुले’, म्हणत. चिनी लाखकामाच्या पडद्यांना ‘कोरोमंडल’ हे नाव मिळाले, कारण ते त्या किनाऱ्यावरून जात. त्या हसऱ्या पुतळ्यांना ‘पागोद’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या देवळांसाठी, मूर्तींसाठी आणि होनासाठीही वापरला होता. मकाव, मलाक्का, गोवा आणि लिस्बन या पोर्तुगीज मार्गाने चिनी भांडी गेली, आणि ज्या बंदरांतून माल गेला त्या बंदरांची नावे मालाला चिकटली. आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुलांत आपले एकही फूल नाही. गोदामाचे नाव उगमाच्या नावाची जागा घेते, तेव्हा जो अर्थभ्रंश होतो तो निरुपद्रवी नसतो. ‘पूर्व’ नावाची एक सरसकट कोटी त्यातून तयार होते. मराठीने येथे वेगळा मार्ग घेतला. आपण ‘चिनी माती’ म्हणतो. माल कोणत्याही बंदरातून वा कारखान्यातून येवो, आपला शब्द मातीचे ऋण विसरला नाही.

७

एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर अशा सामग्रीकडे सत्ता आणि ज्ञान यांच्या युतीच्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याला झाली आहे. ती उपयुक्त आहे. पण येथे ती जशीच्या तशी लागू पडत नाही. १७२० च्या दशकातला युरोप चीनचा सत्ताधीश नव्हता. तो गिऱ्हाईक होता. रोख चांदी मोजत होता, आणि क्वचित सैनिकही. सैद यांच्या मांडणीत ज्ञान आणि कल्पित हातात हात घालून सत्तेची सेवा करतात. पोर्सेलीनच्या भांड्यात ती दोन थरांत विभागलेली दिसतात. ज्ञान भट्टीत गेले, कारण ते नफ्याचे होते. कल्पित पृष्ठावर आले, कारण ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याला कसबी कारागीर म्हणून मान्य करणे ऋणकोला जड जात होते. ज्याचे गुपित आपल्याला दीर्घकाळ उलगडले नाही, तो चहा पिणारा, मासे पकडणारा, मान डोलवणारा निरागस जीव आहे, असे चित्र काढले की ऋण हलके होते. सत्तेची वेळ नंतर आली. १८३९ मध्ये अफूचे युद्ध सुरू झाले, तेव्हा हे मान डोलवणारे चित्र शतकभर घरोघरच्या फडताळांत तयार होऊन बसले होते.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. माइसेनच्या चित्रशाळेतही कामाची विभागणी होती, चित्रकारांना नगावर मजुरी मिळे आणि कामावर स्वतःचे नाव घालण्याची त्यांना सर्वसाधारणपणे मुभा नव्हती. जिंगदेझेनच्या सत्तर अनाम हातांसारखेच हे अनाम हात होते; आणि ते चहा पिणारे, निवांत चिनी रंगवीत होते. ज्या निवांतपणाला चित्रात ‘चीन’ हे नाव होते तो ना जिंगदेझेनच्या कारागिराच्या वाट्याला आला होता, ना माइसेनच्या.

म्हणून ‘प्रभाव’ शोधताना घेणाऱ्याने काय घेतले एवढे विचारून भागणार नाही. घेतलेले कोणत्या थरात ठेवले, कोणत्या थरातून पुसले, आणि ते पुसण्याची गरज कोणाला होती, हेही विचारावे लागेल. आपल्या वाङ्मयीन देवघेवीची चर्चा आजवर प्रामुख्याने झिलईवरच्या चित्रांविषयी झाली आहे : कथानक कोणाचे, रूपबंध कोणाचा, प्रतिमा कोठल्या. मातीचा प्रश्न, म्हणजे घडवण्याची विद्या कोणाकडून आली आणि तिचे ऋण कोठे नोंदवले, हा बहुधा अनुत्तरित राहतो. भांडे उलटे करून तळ पाहण्याची सवय संग्राहकाला असते. समीक्षकानेही ती लावून घ्यायला हवी. मात्र तळाची खूणही खोटी असू शकते, हे ध्यानात ठेवून.